शाळा पाण्यात गेली, काकू

काकू, परवा निखिलनं मला घरी बोलावलं आणि कामिशिबाईची पेटी माझ्या हातात ठेवली. "शालनताई, आईनं सांगून ठेवलं होतं, ही तुमच्याकडे द्यायची." मी नको म्हटलं. "मग मी कुणाला देऊ?" तो म्हणाला. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. मी मुकाट्यानं घेतली. सायकलच्या टोपलीत ती मावेना, म्हणून मागे आडवी बांधली आणि सायकल ढकलत हिगाशी-कसाईच्या बाजूनं चालत घरी आले. दर सिग्नलला वाटत होतं, मागून तुमचा आवाज येईल, "अगं हळू, चित्रं आहेत ती, बटाटे नाहीत!"

येत्या रविवारी वस्तीच्या सभागृहात आपल्या पाणी-गटाच्या ओनो-साननी तुमच्या आठवणीसाठी सगळ्यांना बोलावलंय. तुम्ही वाचायचात ती गोष्ट या वेळी मी वाचायची, असं त्यांनी ठरवून टाकलंय. काकू, इतकी वर्षं मी नुसती चौकटीशेजारी उभी राहायचे. बोलायचात तुम्ही. मला चार माणसांसमोर स्वतःचं नावही धड सांगता येत नाही, आणि हे तर साठ-सत्तर जण असतील.

हे इथल्या मराठी मंडळाच्या अंकात छापून येणार आहे. निखिल म्हणाला, तुम्हाला सुचेल तसं लिहा, शुद्धलेखन मी बघतो. म्हणून ज्यांनी कधी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. कामिशिबाई म्हणजे लाकडी चौकटीत लावलेली मोठी चित्रं. एकेक चित्र बाजूनं ओढून काढायचं आणि मागं लिहिलेलं वाचत गोष्ट सांगायची. आपली गोष्ट बारा चित्रांची. एक मुलगी आहे, तिला शाळेत जायचंय, पण तिच्या गावात पाणी नाही. ती डोक्यावर घागर घेऊन चालते, चालते, आणि एक दिवस शाळा सुटते ती सुटतेच. शेवटच्या चित्रात ती मोठी बाई झालीय आणि हात जोडून सांगते, आफ्रिकेतल्या मुलींचं असं होऊ देऊ नका. ती बाई मी. शाळांमधून, सभागृहांतून, मात्सुरीच्या, म्हणजे इथल्या जत्रेच्या, मांडवातून ही गोष्ट आपण दाखवली, आणि लोकांनी जे दिलं त्यातून मलावीतल्या एका खेड्यात हापसा बसला.

ती गोष्ट खरी नाही. हे तुम्हाला माहीत होतं आणि मला. आता तुम्ही गेलात, आणि माहीत असलेली मी एकटीच उरलेय.

पहिल्यांदा भेटलो ते कचऱ्यापाशी. मी इथं येऊन तीन आठवडे झाले होते. आमचे हे भारतीय हॉटेलात आचारी. सकाळी निघायचे ते रात्रीच उगवायचे. दिवसभर मी खोलीत, कुणाशी एक शब्द नाही. त्या दिवशी बाटल्यांची पिशवी खाली ठेवली, कावळ्यांसाठीची जाळी वर सारखी केली आणि वळले, तर दुसऱ्या मजल्यावरून मराठीत आवाज आला, "ओ बाई, आज बाटल्यांचा वार नाहीये! उचला ती!" मला रडूच फुटलं. तुम्हाला वाटलं ओरडल्यामुळं. निखिलच्या मोठ्या चपला अडकवून धावत खाली आलात. "अहो, एवढं काय मनाला लावून घ्यायचं? लोक नावं ठेवतात आपल्याला म्हणून म्हटलं."

मी म्हटलं, "तीन आठवडे झाले हो, कुणी रागावलंच नव्हतं."

तुम्ही माझ्याकडे बघतच राहिलात. मग म्हणालात, "ती सोय होईल. वर चला, चहा टाकते."

आणि खरंच केलीत की ती सोय! पुण्यात जपानी कंपनीत दुभाष्याची नोकरी करून निवृत्त झालेल्या तुम्ही, आणि अर्धवट सातवी झालेली मी. तुमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर एका बाजूला निखिलची पहिलीतली सई आणि दुसऱ्या बाजूला मी, दोघी एकाच पुस्तकातून अक्षरं गिरवायचो. सई माझी वही ओढून "चिगाउ, चिगाउ!" करायची, चुकलं चुकलं, आणि तुम्ही तिला दटावायचात, "मावशीला मराठीत चुका सांगायच्या." मग ती विचारात पडायची. तुमच्यामुळं मी डब्यांच्या कारखान्यात आरुबाइतोचा, म्हणजे तासावारी कामाचा, अर्ज स्वतःच्या हातानं भरला. नाव लिहिलं, पत्ता लिहिला. शिक्षणाच्या रकान्याशी थांबले, तर तुम्ही म्हणालात, "रेघ मार आणि पुढे चल. तिथं कुणी बघत नाही." कुणी बघितलंही नाही. दवाखान्यात तुम्ही माझ्याबरोबर, ह्यांच्या व्हिसाच्या कागदांना तुम्ही. माझी आई असती तर तिनं माया केली असती, पण तिला यातलं काही करता आलं नसतं. हे मी तुम्हाला कधी तोंडानं बोलले नाही. बोलले असते तर म्हणाला असतात, "पुरे, कणीक मळ."

आणि ती चूक झाली तीही त्याच टेबलावर.

मी अक्षर काढत होते. तुम्ही वाकून बघितलंत. "हात चांगला आहे गं तुझा. शाळा का सोडलीस?"

"शाळा पाण्यात गेली, काकू."

एवढंच बोलले मी. आमच्याकडे असंच म्हणतात. घर पाण्यात गेलं, देऊळ पाण्यात गेलं, शाळा पाण्यात गेली. आमच्या वसाहतीत हे कुणाला उलगडून सांगावं लागत नाही. तुम्ही चष्मा काढून ठेवलात. माझ्या मनगटावर हात ठेवलात. "किती लांबून आणायचीस?"

मला वाटलं, वसाहतीतल्या पाण्याचं विचारताय. म्हटलं, "टँकर आला नाही तर लांबच जावं लागायचं." तुमचे डोळे भरून आले. माझेही आले, कारण माझ्यासाठी कुणी रडलेलं मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. झालं. तेवढ्यावर सगळं उभं राहिलं.

पुढच्याच आठवड्यात तुम्ही मला ओनो-सानकडे नेलंत. तरुणपणी ते काही वर्षं मलावीत राहून हापसे बसवायचे. आता पंचाहत्तरीला आलेले, गुडघे गेलेले, पण तिथल्या बायकांना अजून पत्रं लिहितात. त्यांच्या पाणी-गटात तुम्ही होतातच. मी 'हापसा' म्हटलं की तुम्हाला हसू यायचं. "हँडपंप म्हण, नाहीतर ओनो-सानना वाटेल शिंक आली." मग तुम्हीच तो शब्द त्यांना शिकवलात, आणि ते माझ्याकडे बघून कमरेत वाकून गंभीरपणे "हापुसा" म्हणायचे. चित्रं त्यांनीच काढली. माझ्या गावात त्यांनी एक हत्तीही काढला होता. तुम्ही म्हणालात, "ओनो-सान, आमच्याकडे हत्ती असे मोकळे फिरत नाहीत." ते ओशाळून म्हणाले, "पण फार छान जमलाय." मग राहू दिला.

तेव्हा तुमचं जपानी मला एक अक्षर कळत नव्हतं. सभागृहात पहिल्यांदा दाखवलं तेव्हा मी चौकटीच्या बाजूला उभी होते, मला चित्रं तिरकीच दिसत होती. पाचवं चित्र निघालं आणि माझ्या लक्षात आलं, की अरे, ही घागर घेतलेली पोर मी आहे, आणि मागं जी शाळा दिसतेय ती कोरडी ठणठणीत आहे. मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही वाचत होतात, आवाज कापत होता. समोर बायका डोळे पुसत होत्या. संपल्यावर एक म्हातारी माझे दोन्ही हात धरून कितीतरी वेळ वाकून उभी राहिली. मी काय करायला हवं होतं, काकू? तिथंच सांगायला हवं होतं का, की थांबा, असं नाही? मी पण वाकले. नंतर मला वाकायची सवय झाली.

भीती वाटायची, हे खरं कारण. तुम्ही रागावाल याची नाही, त्याची तर मला हौस होती. तुम्ही लाजाल याची. आणि मग दार बंद झालं तर मी परत त्या खोलीत.

हापसा बसला त्या शनिवारी ओनो-सानच्या घरी आपण तिकडच्या बायकांशी व्हिडिओवर बोललो. हापशाची काळजी घेणारी एस्नात पुढं बसली होती, डोक्याला पिवळा रुमाल. तिनं आपली चित्रं पाहिली होती. ओनो-सान तिचं बोलणं जपानीत सांगायचे आणि तुम्ही मला मराठीत. पहिलाच प्रश्न, "तुमच्या गावात हत्तीपण आहेत?" सगळे खो-खो हसलो. ओनो-सान लालेलाल. मग ती थोडी पुढं सरकली आणि माझ्याकडे बघून काहीतरी हळू बोलली. तुम्ही सांगितलंत, "ती विचारतेय, तुझ्या गावात आता पाणी आहे का?"

मी म्हटलं, "आहे. खूप आहे."

ते तिच्यापर्यंत पोचलं. तिनं टाळ्या वाजवल्या, मागच्या बायकांनी वाजवल्या. माझ्यासाठी, काकू. माझ्या गावाला पाणी मिळालं म्हणून.

मला तिथं बसवेना. परत येताना नदीकाठच्या रस्त्यानं मी सायकल ढकलत होते, तुम्ही शेजारून चालत होतात, खुशीत होतात, आणि मी बोलून टाकलं.

"काकू, माझी शाळा बुडाली हो."

"तेच तर. पाण्यापायी बुडाली."

"तशी नाही. भिंतींसकट बुडाली. धरणात."

तुम्ही थांबलात. आयुष्यभर दुसऱ्यांचं बोलणं इकडून तिकडं पोचवलंत, एकदा म्हणाला होतात की एका शब्दानं करार मोडताना पाहिलाय. तुम्हाला फोड करून सांगायची गरज पडली नाही. 'पाण्यात गेली' कसं ऐकलंत आणि कसं होतं, ते मला तुमच्या चेहऱ्यावर उलगडताना दिसलं.

"कुठलं धरण?"

मी नाव सांगितलं.

"ते तर आमचं," तुम्ही म्हणालात. मग जरा वेळानं, "म्हणजे पुण्यात आमच्या नळाला ते येतं." आणखी चार पावलं गेल्यावर, "पाणी दोन वेळचं एक वेळ केलं तेव्हा मी सोसायटीच्या वतीनं पालिकेला पत्र लिहिलं होतं. चांगलं खरमरीत." दाराशी 'येते' म्हटलं, त्यावर मान हलवलीत.

तीन आठवडे तुम्ही मला बोलावलं नाही. इथं आल्यावरचे ते पहिले तीन आठवडे बरे होते असं वाटावं, असे गेले. मग एका दुपारी तुम्हीच माझ्या दारात. आत न येता, उभ्याउभ्याच.

"त्या पुनर्वसन वसाहतीत पाणी आणायचीस ना? डोक्यावरून?"

"आणायचे."

"मग चित्रं खोटी कशी?"

"शाळा आधी गेली, काकू. घागर नंतर आली. चित्रात उलटं आहे."

"म्हणजे क्रम बदलला, इतकंच."

"क्रमच तर आहे."

"बरं, नव्या ठिकाणी शाळा नव्हती?"

"होती, चार मैलांवर. दाखला मागितला. दाखला जुन्या शाळेचा, ती पाण्यात. दप्तर तालुक्याला गेलंय म्हणाले. वडील दोनदा जाऊन आले. तिसऱ्यांदा गेले नाहीत."

तुम्ही चपला काढल्यात, आत आलात, जमिनीवरच बसलात. गुडघ्याचं दुखणं विसरून. "हे बघ शालन, मी खोटं बोलले नाही, चुकीचं ऐकलं. पण आता हे सगळं लोकांना सांगितलंस तर काय होईल? पाणी नाही म्हणून रडणारी मुलगी लोकांना कळते. पाणी नेलं म्हणून रडणारी कळत नाही. ते विचारतील, कुणी नेलं? मग त्यात मी येते. मी येते ते जाऊ दे. पण पलीकडच्या वाडीचा हापसा व्हायचाय. एस्नातची बहीण आहे तिथं, अजून नदीचंच पितात. तुझं खरं मोठं, का त्यांचं पाणी?"

मी म्हटलं, "मग माझ्या शाळेचं काय?" पोरकट होतं ते. चाळिशीला टेकलेली बाई असं विचारते का? पण तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "पलीकडचा हापसा झाला की सांगू. दोघी मिळून. मी चांगलं भाषांतर करीन या वेळी."

मी ऐकलं. पण राग गेला नाही, काकू, हे आता लिहिते. त्या मात्सुरीला शंकरपाळे जाड लाटले म्हणून तुम्ही टोमणा मारलात, "ओनो-सानचे दात सांभाळ गं," तेव्हा मी हसले नाही, आठवतं? ते शंकरपाळ्यांचं नव्हतं. चौकटीशेजारी उभं राहून मी पुन्हा सगळ्यांसमोर वाकले होते, तुम्हीही नेहमीसारखं वाचलं होतंत, फक्त पाचव्या चित्राला तुमचा आवाज कापला नाही. तो सपाट झाला होता. मला त्या सपाटपणाचं बरं वाटलं. असं बरं वाटून घेतलं याची आता लाज वाटते.

पलीकडचा हापसा झाला नाही. तुमचं दुखणं निघालं आणि सगळंच थांबलं.

शेवटचं भेटले तेव्हा तुम्ही खिडकीकडे तोंड करून निजला होतात. किती लहान दिसत होतात. सई कोपऱ्यात बसून फोनवर काहीतरी बघत होती, तिला बोलावलंत तर जपानीत उत्तर देत होती आणि तुम्ही ते चालवून घेत होतात. त्यावरूनच मला कळायला हवं होतं. मग माझ्याकडे वळलात. "शालन, ती शाळा कशी होती गं? नाव काय होतं?"

इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. आमच्या ह्यांनीपण नाही. मला एकदम काही सुचेना, आणि घड्याळात बघितलं तर कारखान्याची वेळ झालेली. "सावकाश सांगते, काकू. परवा सुट्टी आहे."

"परवा सांग. जा, गाडी चुकेल."

गाडी मिळाली मला. परवाच्या सकाळी निखिलचा फोन आला.

पेटी घरी आणल्यावर मी सगळी चित्रं उलटून पाहिली. मनात वेडी आशा होती, की तुम्ही मागचा मजकूर बदलला असेल, निदान पेन्सिलीनं एखादी ओळ खोडली असेल. काही नव्हतं. तीच गोष्ट, तुमच्या सुरेख अक्षरात. पाचव्याच्या मागं चहाचा डाग. तुम्ही हे माझ्यावर सोडून गेलात, का तुम्हाला वेळच मिळाला नाही? पेटी मला द्या म्हणताना मनात काय होतं? वाच, असं होतं, का वाचू नकोस? मी तुमच्यावर चिडले, मग चित्रं छातीशी धरून बसले. ह्यांनी जेवायला हाका मारल्या, तरी उठले नाही.

काल ओनो-सानना जाऊन सांगितलं. माझ्या मोडक्यातोडक्या जपानीत, सगळं. धरणाला जपानीत 'दामु' म्हणतात, तो शब्द मी घरून घोकून गेले होते. "सो देस का," ते म्हणाले, असं होय. मग माझ्यासाठी केलेला चहा स्वतःच पिऊन टाकला, इतके गडबडले. मी विचारलं, लोक रागावतील का, दिलेलं परत मागतील का, पलीकडचा हापसा राहील का? "माहीत नाही," म्हणाले. खोटा धीर दिला नाही. फक्त एकच विचारलं, "एस्नात-सानना कोण सांगणार?"

"मीच."

ती काय म्हणेल, काकू? तिनं टाळ्या वाजवल्या होत्या.

ज्यांनी माझी चित्रं बघून दिलं, त्यांतले कितीतरी जण हा अंक वाचतील. त्यांनी मला काय म्हणायचं ते रविवारी येऊन म्हणावं, मी पेटी मिटलेली ठेवून समोर उभी राहणार आहे. फक्त पलीकडच्या वाडीवर त्याचा राग काढू नये. तिथं नदीचं पाणी खरंच पितात, त्यात चुकीचं ऐकण्यासारखं काही नाही. तुम्ही शेजारी असतात तर मी कदाचित परत वाकून मोकळी झाले असते, हेही खरं. तुमच्यापुढं मला नाही म्हणता येत नव्हतं. आता म्हणता येतंय, पण कुणाला म्हणू?

पण लोकांच्या आधी तुम्हाला सांगायचं राहिलंय. तुम्ही विचारलं होतंत.

दोन खोल्यांची शाळा, वर कौलं. मोठ्या खोलीत चौथीपर्यंत, लहान खोलीत पाचवी-सहावी, आणि सातवीची आम्ही सहा जणं ओसरीवर. गुरुजी मधल्या दारात खुर्ची टाकून तिन्हीकडं बघायचे. जायची वेळ आली तेव्हा बाकं, कपाट, घंटा सगळं ट्रॅक्टरमधून नेलं. फळा भिंतीतच केलेला होता, सिमेंटचा, काळा रंग दिलेला. तो काढता येईना. पाणी लोंढ्यासारखं येत नाही, काकू. रोज थोडं थोडं येतं. आम्ही पोरं वरच्या खडकावर बसून बघायचो, आज कुठवर आलं. आत गेलं तेव्हा फळ्याच्या कोपऱ्यात 'पट' आणि 'हजर' तसंच लिहिलेलं होतं. कुणीच पुसलं नव्हतं.

दारावर निळ्या अक्षरांत नाव होतं. जीवन शिक्षण विद्यामंदिर. तुम्ही लगेच विचारलं असतंत, जीवन म्हणजे पाणीसुद्धा, माहितीये का तुला?

माहितीये, काकू.